बंद दाराचा नकार

करंजपाड्यात नाही म्हणायची रीत न्यारी आहे. मुलगी मागायला पाहुणे येणार असले आणि स्थळ पसंत नसलं, तर कुणी तोंडावर नकार देत नाही. दाराला कडी घालून सगळं घर रानात निघून जातं. पाहुणे येतात, बंद दार बघतात आणि काय ते समजून मागे फिरतात. भांडण नाही, अपमान नाही. रीत चांगलीच आहे म्हणा; फक्त समोरच्यालाही ती ठाऊक असावी लागते.

नदीवर होऊ घातलेल्या धरणावरच्या हरकतींची सुनावणी मोखाड्याला होणार अशी नोटीस आली, तेव्हाही पाड्याने तेच ठरवलं. कुणी जायचं नाही. भाताची खाचरं, वरची नाचणीची जमीन, घरं, सगळं पाण्याखाली जाणार होतं. नको म्हणून साहेबांना याहून स्पष्ट ते काय सांगायचं?

पाड्यातल्या सावळाची थोरली मुलगी रविना हे ऐकून घाबरली. ती जव्हारच्या कॉलेजात बी.ए.ला होती. अमेरिकेचा इतिहास घेतला म्हणून घरात तिची भरपूर थट्टा झाली होती. जव्हारपलीकडचं जग न पाहिलेली पोर अमेरिकेत कशाला तोंड घालते, असं आई सगळ्यांना विचारायची. परतीच्या जीपला जुळणारा तेवढाच तास होता, हे रविनाचं खरं कारण.

पण त्या तासाला गोवर्धन सरांनी चेरोकी या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची हकिगत सांगितली होती. तेही शेती करणारे, आपल्या मुलखात पिढ्यानपिढ्या राहणारे. सरकारला त्यांची जमीन हवी होती. करारासाठी सभा बोलावली आणि जो येणार नाही त्याची संमती धरली जाईल, असं आधीच कळवलं. करार नको म्हणून बहुतेक लोक गेलेच नाहीत. गेलेल्या मूठभरांनी सह्या केल्या. पुढे शिपाई आले, घराघरातून माणसं काढली आणि दूर हाकलत नेली. वाटेत हजारो मेली. सर शेवटी म्हणाले होते की आपण हे परीक्षेसाठी शिकत नाही, पण वर्ग तोवर घड्याळाकडे बघायला लागला होता.

रविनाने नोटीस पुन्हा वाचली. गैरहजर राहणाऱ्याची हरकत नाही असे समजण्यात येईल, असं तळाशी लिहिलं होतं. तिने ते बापाला वाचून दाखवलं, अमेरिकेची सगळी हकिगत सांगितली, हातापाया पडली. सावळाने शांतपणे ऐकून घेतलं.

"तिथले सायब गोरे होते. हे आपलेच सायब हाईत," तो म्हणाला. "दार लावला का आपला माणूस समजतो."

सुनावणीच्या दिवशी पाड्यातली सगळी दारं लागली आणि माणसं रानात गेली. रविना एकटी जीपमध्ये बसली.

सभागृहात खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढे तिघेचौघे बसले होते, ज्यांची वीतभरही जमीन बुडणार नव्हती. त्यांनी धरणाला होकाराच्या माना डोलावल्या. रविना उठली आणि आमच्या पाड्याची हरकत आहे, म्हणाली. सुनावणी घेणारा साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने तिला पाणी दिलं आणि जमीन तिच्या नावावर आहे का, विचारलं. नव्हती. मग वडील का आले नाहीत?

"त्यांचा विरोध आहे," रविना म्हणाली, "म्हणूनच ते आले नाहीत."

सभागृहात हसू पसरलं. साहेबालाही आवरलं नाही. तिला एवढी लाज आणि एवढा राग कधी आला नव्हता. कुणाचा राग, हेही तिला धड कळेना. साहेबाचा होता, बापाचा होता, आणि वर्गात घड्याळाकडे बघणाऱ्या स्वतःचाही होता. सुनावणी आटोपली. हरकत कुणाचीच नव्हती.

ती पाड्यावर पोचली तेव्हा दारं उघडली होती, चुली पेटल्या होत्या. सावळा ओट्यावर तिची वाट बघत होता.

"कुणीच नाय आला, बघितला ना सायबाने? समजला ना त्याला?"

"नाय समजला, बा. आपली हरकत नाय, असा धरला त्यांनी."

सावळा नदीकडे बघत राहिला. मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा लेकीला तिचा धडा विचारला.

"तुझ्या त्या अमेरिकेतल्या लोकांनी मग काय केला?"

"अर्ज केला. हजारो माणसांनी सह्या केल्या."

"मग ऱ्हायली का जमीन?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. बापाचे डोळे तिच्याकडे लागले होते.

"नाय, बा."

सावळाने मान हलवली. उठून आत गेला, कंदील उजळून बाहेर आणला आणि तिच्यासमोर ठेवला.

"तरी लिव," तो म्हणाला. "मी समद्यांना बोलवून आणतो."