रडणारा बायसन

आमच्या कॅनडातल्या विनिपेगच्या संग्रहालयातला पेंढा भरलेला बायसन, म्हणजे तिकडचा केसाळ रानगवा, रडू लागला आणि उणे तीसच्या थंडीतही दाराबाहेर रांग लागली. बर्फाने भिजलेले कोट आणि हातात वाफाळती कॉफी अशा थाटात माणसं हुंदके देत होती. ब्रदर एल्डन नावाचा एक दाढीवाला बायसनच्या तोंडाशीच खुर्ची टाकून ठाण मांडून बसला होता.

"लेकरांनो, बायसनबाबा तुमच्यासाठी रडतोय! जितके जास्त जमाल, तितके जास्त अश्रू!"

एवढं मात्र खरं होतं. सोमवारी संग्रहालय बंद, तर बायसनही कोरडाठाक. "सोमवारी बाबा ध्यानाला बसतो," हा ब्रदरचा खुलासा.

इमारतीची देखभाल माझ्याकडे. बायसनच्या वरच्या काचेच्या छताची लोखंडी चौकट पार गंजली होती आणि खाली रोज शाळेची पोरं उभी राहायची. दालन बंद करून दुरुस्ती करायचं ठरलंही होतं. पण संचालक फ्रीसेनसाहेब म्हणाले, "आत्ता? अरे, एवढी गर्दी कधी पाहिली होतीस? ठोकाठोक केलीस तर रडायचा थांबेल तो!"

माझं डोकंच फिरलं. छत तपासायला आलेली इंजिनिअर सिग्रिड मात्र शांतपणे शिडीवर चढली आणि बायसनच्या शिंगाला उघडी छत्री बांधून आली. बायसनचं रडणं थांबलं. छत्री टपटपू लागली.

ब्रदर क्षणभर गडबडला, मग गरजला, "छत्रीवर कृपा झाली!" चार-पाच जण लगेच छत्रीपुढे गुडघे टेकून मोकळे झाले.

"आजी, उठा," सिग्रिड त्यांतल्या एका म्हातारीला म्हणाली. "वरची काच गारठलीय. तुमचा श्वास, ओले कोट, कॉफी, सगळ्याची वाफ तिथे जाऊन पाणी होते. अश्रू तुमचेच आहेत. थोडा वेळ सगळे बाहेर थांबा, गळायचे थांबतील."

"आणि नाही थांबले तर?"

"तर मीही छत्रीच्या पाया पडेन!"

सगळे बाहेर गेले. हळूहळू टपटप थांबली. दारातून बघत ब्रदर म्हणाला, "बाबा रुसला!"

"मग दर सोमवारी रुसतो होय रे?" म्हातारी फिसकन हसली.

तेवढ्यात वरून एक गंजका बोल्ट सुटला आणि छत्री फाडून थेट ब्रदरच्या रिकाम्या खुर्चीवर आदळला.

"हाही अश्रूच का?" म्हातारीने विचारलं. पण ब्रदर केव्हाच पसार झाला होता.

फ्रीसेनसाहेबांनी स्वतःच्या हाताने दालनाला कुलूप घातलं. हात जोडायचे तर खुशाल जोडा, बाबांनो. पण त्याआधी एकदा मान वर करून छत बघा.