अकरा घड्याळांच्या घरातला लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी एक बिजागरी सैल आहे, चार कळांवरची अक्षरे पुसली आहेत आणि बॅटरीने तर केव्हाच मान टाकली आहे. वायर भिंतीत खोचलेली असेल तोवरच माझ्यात जीव. पण कीव करू नका, कारण सध्या मी फार खुशीत आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या पोटात नाण्याएवढा सेल बसवला. मी बंद असतानाही मला तारीख-वेळ कळत राहावी, एवढेच त्याचे काम. त्या एवढ्याशा सेलाकडे मी तेव्हा ढुंकूनही पाहिले नाही.

पुढे मला नकाशेवाल्या बाईंनी घेतले. त्या पाणीखात्यात जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढतात. कोणत्या गल्लीत कोणता नळ किती खोल आहे, हे मी त्यांच्याबरोबर शिकलो. काही वर्षांनी मी फारच रेंगाळू लागलो, तेव्हा लोक म्हणाले, भंगारात द्या. बाईंनी मला भंगारात न देता माझ्यात लिनक्स नावाची हलकी, फुकट मिळणारी प्रणाली बसवली आणि मी पुन्हा तरतरीत झालो. आहे की नाही प्रेमळ बाई!

बाईंचे सासरे निवृत्त घड्याळजी. घरात अकरा घड्याळे, आणि अकराही एका सुरात वाजतात. मी माझी वेळ इंटरनेटला विचारून लावतो, हे कळल्यावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुसऱ्याला विचारून चालते ते घड्याळ कसले, असे म्हणून त्यांनी सुनेकडून माझी ती सोय बंद करवून घेतली. तेव्हापासून दर रविवारी चष्मा कपाळावर चढवून ते स्वतः माझी वेळ लावत. मला ते लाडच वाटायचे.

मग बाई जिन्यावरून घसरल्या आणि पायाला प्लास्टर लागले. सोमवारी संध्याकाळी माझी वायर काढून मला टेबलावरून त्यांच्या पलंगाशी आणले गेले. आता काम घरूनच करायचे होते. त्यासाठी घरापासून ऑफिसच्या संगणकापर्यंत एक खासगी, कुलूपबंद वाट असते. तिला व्हीपीएन म्हणतात. ती मी आजवर हजारदा चाललो होतो.

मंगळवारी सकाळी फोन आला. एका चौकात मोठा नळ फुटला होता. पाणी बंद करून मुकादम आणि पाच माणसे कुदळी घेऊन उभी होती. नळाला खेटूनच गॅसची वाहिनी होती, आणि जुने-नवे नकाशे जुळवून नेमकी जागा दाखवणे फक्त बाईंना जमत होते. एक वाजेपर्यंत नकाशा आला नाही, तर मुकादम अंदाजाने खणणार होता.

बाईंनी व्हीपीएन सुरू केले. मी नाही म्हणालो. त्यांनी पासवर्ड पुन्हा घातला, वायफाय तपासले, मला बंद करून चालू केले. वायफाय ठणठणीत होते, तरी मी नाहीच म्हणत राहिलो. फोनवर ऑफिसचे संगणकवाले होते. त्यांनी सगळी जोडणी पुसून नव्याने करायला लावली. त्यात एक तास गेला. शेवटी ते वैतागून म्हणाले, तो डबा फेकून द्या, उद्या नवा लॅपटॉप पाठवतो. माझा पंखा भीतीने घरघरू लागला.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. उद्याचे काय घेऊन बसलात, माणसे आत्ता खड्ड्यात उतरतील, असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. सासरे चहा घेऊन आले. त्यांनी विचारले, हा म्हणतो तरी काय? बाईंनी माझ्या नोंदीतली शेवटची ओळ मराठीत करून वाचली.

"म्हणतो, ऑफिसच्या संगणकाचं ओळखपत्र अजून लागू झालेलं नाही. बाबा, ते तर जानेवारीतच लागू झालंय."

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. "अगं, मग तो खोटं बोलत नाहीये. त्याच्या मते आज तारीख काय आहे, ते बघ."

दोघांनी माझ्या कोपऱ्यातले बारीक आकडे पाहिले. मी सात वर्षे मागे होतो! वायर काढली त्या रात्री पोटातला तो सेल संपला होता, माझी तारीख थेट कारखान्यातल्या दिवसांवर परत गेली होती, आणि माझ्या हिशेबी ते ओळखपत्र भविष्यातले होते. भविष्यातून आलेल्या कागदावर मी तरी विश्वास कसा ठेवणार? अकरा घड्याळांच्या घरात माझे घड्याळ पाहायचे कुणाला सुचलेच नव्हते.

सासऱ्यांनी भिंतीकडे पाहून वेळ सांगितली, बाईंनी ती आजच्या तारखेसकट घातली, आणि मी एका दमात कुलूप उघडले. पाऊण वाजता नकाशा चौकात पोचला. मुकादमाचा फोन आला, नकाशात गॅसची वाहिनी त्याने खणायचे ठरवले होते तिथेच निघाली. बाई प्लास्टर विसरून उठायला गेल्या आणि हसत पुन्हा आडव्या झाल्या. तेवढ्यात अकरा घड्याळांनी एकचा ठोका दिला.

दुपारी सासऱ्यांनी आपल्या खणातून नवा सेल काढला आणि भिंगातून पाहत तो माझ्या पोटात बसवला. मग सुनेला म्हणाले, "ती इंटरनेटला विचारायची सोय चालू करून टाक. विचारू दे त्याला. मलाही हल्ली आज वार कोणता ते तुला विचारावंच लागतं की."

बाईंनी ती सोय चालू केली आणि त्यांचा हात थोपटला.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे जुने यंत्र असेल, एखादे जुने माणूस असेल. ते कधी भलतेच काही बोलू लागले, तर त्याला मोडीत काढू नका. त्याच्याकडे आज कोणता दिवस चालू आहे, तेवढे प्रेमाने विचारा आणि त्याला आपल्या दिवसात घेऊन या. रविवारी सासरे अजूनही चष्मा कपाळावर चढवून माझी वेळ बघतात. ती बरोबर असते, तरी बघतात.