वीस वेढ्यांचे घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने आणि फार महागडे मनगटी घड्याळ आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून लपवल्याचा ठपका नको. माझ्यात बॅटरी नाही. माझ्या उजव्या कुशीला एक लहानसे दातेरी बोंड आहे. ते अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून फिरवले की पोटातली स्प्रिंग गुंडाळली जाते आणि मी चालू लागतो. एका वेढ्याला साधारण सव्वा तास. वीस वेढे दिले की एक दिवस आणि एक रात्र निभावते. रोज कुणाची तरी बोटे लागल्याशिवाय मी एक पाऊलही टाकत नाही.

माझा जन्म उंच खिडक्यांच्या एका शांत खोलीत झाला. पांढरा डगला घातलेली एक बाई मला जुळवत होती. माझे एक चाक मागच्या झाकणाखाली कायमचे झाकले जाणार होते. त्याची कडसुद्धा ती लाकडाच्या काडीने घासत बसली होती.

शेजारची म्हणाली, "अगं, तिथे कोण बघणार आहे?"

"मी बघितलं ना," ती म्हणाली आणि घासत राहिली.

ते बोल मी जपून ठेवले आहेत. माझी निम्मी किंमत अशा घासण्याची होती. उरलेली निम्मी माझ्या तबकडीवरच्या नावाची होती, हेही मान खाली घालून कबूल करतो.

पुढे मी एका दुकानाच्या काचेमागे मखमलीवर बसलो. रस्त्यापलीकडे दोन खुर्च्यांचे एक सलून होते. ते दोन भाऊ चालवत. थोरल्याला सगळे वस्ताद म्हणत, कारण त्यांच्या वस्तऱ्याने गालाला कधी ओरखडा काढल्याचे कुणाला आठवत नव्हते. वस्ताद रोज दुकान उघडण्याआधी माझ्यासमोर मिनिटभर उभे राहत. अशी नऊ वर्षे गेली, मित्रांनो. दहाव्या वर्षी ते आत आले आणि मला घेऊन गेले.

घरी काय झाले असेल, याचा तुम्ही अंदाज केलाच असेल. धाकट्या भावाने मला उलटेसुलटे करून पाहिले. "दादा, एवढ्यात दोन नव्या खुर्च्या आल्या असत्या. फिरणाऱ्या! आपल्या भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजतात. यात काय तेरा वाजतात?"

वस्तादांची बायको, आमच्या काकू, हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, मला विचारलं असतंत तर मी नको म्हणाले असते. म्हणूनच विचारलं नाहीत ना?"

"हो," वस्ताद म्हणाले. मग जरा ओशाळून म्हणाले, "जन्मभर लोकांच्या तोंडावर बारीक काम केलं. कुणीतरी तितकंच बारीक काम केलेली एखादी वस्तू आपल्याही घरात असावी, असं वाटलं."

काकूंनी मला एका स्वच्छ हातरुमालात गुंडाळले आणि कपाटात इस्त्रीच्या सदऱ्यांखाली ठेवून दिले.

तिथेच माझे वाईट दिवस सुरू झाले, आणि तेही केवळ कौतुकापोटी. सलूनमध्ये पाणी, साबण आणि बारीक केस, म्हणून मी तिकडे जायचे नाही. बाजारात गर्दी, म्हणून तिकडेही नाही. वर्षातून दोन-तीनदा कुणाच्या लग्नाला निघालो, तर ओरखडा पडू नये म्हणून बाही माझ्यावर खाली ओढलेली. हळूहळू तेही थांबले. आतले तेल सुकून चिकट झाले आणि चौदा वर्षे मी पाच वाजून चाळीस मिनिटांवर उभा राहिलो. एखादे स्वस्त घड्याळ असतो तर मला कुणी बिनधास्त वापरले असते. महाग होतो, म्हणून नुसता पडून राहिलो.

मग एके सकाळी वस्तादांच्या हातातून ब्रश गळून पडला. तो उचलायला ते वाकले आणि उठता येईना. अर्धांगवायूचा सौम्य झटका होता. पाय महिनाभरात सावरले, बोलणे सावरले. उजव्या हाताची चिमटी मात्र सावरेना. चमचा निसटायचा. शर्टाचे बटण काकू लावायच्या आणि वस्ताद त्या वेळी भिंतीकडे बघायचे.

व्यायाम शिकवायला एक ताई घरी येत. त्यांनी रबरी चेंडू दिला, मऊ मातीचा गोळा दिला. वस्तादांनी दोन्ही बाजूला सारले. "मला लहान मुलासारखं खेळायला लावू नका, ताई."

ताईंनी काकूंना बाजूला घेऊन विचारले, "घरात काही चिमटीनं फिरवायची वस्तू आहे का? त्यांच्या आवडीची?"

काकूंनी कपाट उघडले.

मला आधी घड्याळजींकडे नेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावून माझे पोट उघडले आणि बराच वेळ ते नुसते बघत बसले. काकूंनी इतक्या वर्षांचा मनातला प्रश्न तेव्हा विचारून टाकला. "खरं सांगा हं. हे एवढ्या किमतीचं आहे का हो?"

"वेळ बघायला? नाही," घड्याळजी म्हणाले. "फुटपाथवरचं बॅटरीचं घड्याळ याच्यापेक्षा नेमकी वेळ दाखवतं."

"मग?"

"ते बिघडलं की मी म्हणतो, टाकून द्या. याला मी उघडतो. याच्या प्रत्येक स्क्रूला वाटतं, आपल्याला पुन्हा कुणीतरी उघडणार आहे. पण वहिनी, एवढी वर्षं बंद ठेवायचं होतं तर यापेक्षा पेपरवेट स्वस्त पडला असता."

मला लाज वाटली आणि बरेही वाटले. त्यांनी मला धुतले, पुसले, सुईच्या टोकावरून तेलाचे थेंब दिले. चौदा वर्षांनी माझी टिकटिक ऐकली तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले.

दुसऱ्या दिवसापासून नेम सुरू झाला. सकाळी सात वाजता काकू प्रार्थना आटोपून मला वस्तादांपुढे ठेवत. ताईंची सूचना होती, "वेढे मोजायचे नाहीत. बोटं थकेपर्यंत फिरवा. किती झालं ते घड्याळच सांगेल."

पहिल्या दिवशी बोंड तीनदा निसटले. मी बारा वाजता बंद पडलो. काकूंनी कॅलेंडरच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिले: बारा. पाचव्या दिवशी साडेबारा. दहाव्या दिवशी पुन्हा बारा. त्या दिवशी वस्ताद जेवले नाहीत.

तिकडे सलूनमध्ये एक खुर्ची रिकामी होती. धाकटा भाऊ एक दिवस दारातच चुळबुळत उभा राहिला. "दादा, राग मानू नकोस. गिऱ्हाईकं परत जातात. या महिन्यापासून दुसरा माणूस ठेवू का? आणि आपले मास्तर तर माझ्याकडे बसतच नाहीत. दाढी वाढवून साधू झालेत पार!"

हे मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ. वीस वर्षे एक दिवसाआड वस्तादांकडे दाढी करायचे.

वस्ताद माझ्याकडे बघून म्हणाले, "हे घड्याळ माझ्या हातानं सकाळी सातपासून दुसऱ्या सकाळी सातपर्यंत चाललं, की मी वस्तरा उघडीन. तोवर माझ्या खुर्चीमागे कुणाला उभं करू नकोस."

"आणि नाही चाललं तर?"

"तर महिन्याच्या शेवटी तूच ठरव."

मित्रांनो, एका माणसाची खुर्ची माझ्या स्प्रिंगवर टांगली गेली. मला तर नुसते वेढ्यांएवढेच चालता येते. एक मिनिट उसने घेता येत नाही.

काकूंना ते बघवेना. त्या कधी खोटे बोलत नसत. घरात येणाऱ्या विक्रेत्यालासुद्धा "साहेब घरी नाहीत" असे त्यांनी कधी सांगितले नव्हते. पण एका दुपारी वस्ताद झोपले असताना, मी थांबायच्या आत, त्यांनी मला उचलले आणि चार वेढे दिले. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत चाललो. काकूंनी वस्तादांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद पाहिला, आणि दुसऱ्या दुपारी त्यांनी सहा दिले. मग आठ. दहा. शेवटी तेरा. बोटे कुणाची, हे मला कळत होते. मी ओरडून सांगू शकत नव्हतो, आणि खरे सांगू? सांगितले असते की नाही, कुणास ठाऊक.

त्या पहिल्या चार वेढ्यांनंतर बाराव्या सकाळी सात वाजले आणि मी चालू होतो. वस्तादांनी मला कानाला लावले. मग मनगटावर बांधले, सदरा चढवला आणि सरळ सलून गाठले. मास्तरांना निरोप गेला. ते लगबगीने आले आणि दाढी कुरवाळत खुर्चीत बसले. "या जंगलात वस्ताद हरवतील बरं का!" ते म्हणाले तसे सगळे हसले. धाकट्याने कात्रीने दाढी उतरवली, फेस लावला. वस्तादांनी वस्तरा धारेच्या चामडी पट्ट्यावर दोनदा फिरवला आणि मास्तरांची हनुवटी वर केली.

"अहो, थांबा!"

दारात काकू होत्या. चपला न घालता आल्या होत्या.

"ते तुमच्या हातानं चाललेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी दुपारी चावी देत होते."

मास्तरांनी मान तशीच वर ठेवून डोळे तेवढे तिरके केले.

"किती दिवस?" वस्तादांनी विचारले.

"अकरा. आज सकाळी प्रार्थनेला बसले, तर हातच जोडवेनात. माफ करा मला. पण आधी तो वस्तरा खाली ठेवा."

वस्तादांनी वस्तरा मिटला. सावकाश मला मनगटावरून सोडले आणि काकूंच्या तळहातावर ठेवले. "म्हणजे माझा हात तुझ्या हातानं चालत होता तर," एवढेच म्हणाले, आणि घरी निघून गेले.

मास्तर फेसाच्या तोंडाने धाकट्याला म्हणाले, "बघतोस काय? पूस. मी थांबेन अजून."

दुसऱ्या दिवशी सातला काकूंनी मला टेबलावर ठेवले आणि कॅलेंडरवरचे आधीचे अकरा चौकोन खोडले. वस्तादांनी बोंड चिमटीत धरले. बोटे थकली तेव्हा थांबले. मी सव्वातीनला बंद पडलो.

वस्तादांनी स्वतः पेन्सिल घेतली. वाकड्यातिकड्या अक्षरात त्यांनी लिहिले: सव्वातीन. मग काकूंकडे न बघता म्हणाले, "बारावरून सव्वातीन. हे तास तर माझे आहेत ना?"

"तुमचेच," काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

महिना संपला, पण धाकट्याने दुसरा माणूस ठेवला नाही. "मास्तर ऐकत नाहीत," असे त्याने कारण सांगितले. साडेचार, पावणेसहा, मध्येच पुन्हा चार, मग आठ. असे तीन महिने गेले. ज्या सकाळी मी एकट्या वस्तादांच्या वेढ्यांवर सात वाजता चालू होतो, त्या सकाळी घरात कुणी आरडाओरडा केला नाही. वस्ताद म्हणाले, "आज फुगा."

नवशिक्याला वस्तरा शिकवताना फुगवलेल्या फुग्याला फेस लावून तो खरवडायला देतात. वस्ताद पुन्हा नवशिके झाले. धाकट्याने डोळे मिटून फुगा धरला. पहिला फुटला, दुसरा फुटला, आणि दोन्ही वेळा धाकट्याचे तोंड फेसाने पांढरे झाले. "दादा, माझीच दाढी करून टाक ना, मी तयारच आहे!" तो म्हणाला. तिसरा फुगा स्वच्छ निघाला.

मग मास्तर आले. वस्तादांनी डावा गाल सावकाश, न थांबता पूर्ण केला. उजव्या गालाशी आले तेव्हा बोटे थकली. पूर्वी त्यांनी ते लपवले असते. आता त्यांनी वस्तरा धाकट्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "हा गाल तुझा." मास्तरांनी आरशात दोन्ही बाजू निरखल्या. "डावी जरा जास्त तुळतुळीत आहे हं," ते म्हणाले, आणि धाकटासुद्धा हसला.

आजही तसेच चालते. एक गाल थोरल्याचा, एक धाकट्याचा. लोक थांबून राहतात.

तर मित्रांनो, महागडे घड्याळ घ्यावे का, असे मला कुणी विचारले, तर मी माझी बाजू ताणणार नाही. वस्तादांच्या बोटांना चावीचे साधे घड्याळही पुरले असते. मला घासणाऱ्या त्या बाईचे, उघडणाऱ्या घड्याळजींचे आणि चूक कबूल करायला अनवाणी धावलेल्या काकूंचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्यांच्यामुळे मी माझ्या किमतीला जागलो. जन्माला आलो तेव्हा मी नुसताच महाग होतो. तुमच्या घरात कपाटात गुंडाळून ठेवलेले काही असेल, तर ते आज बाहेर काढा. त्याच्यावर ओरखडे पडू द्या. रोज ठरल्या वेळी त्याला हात लावा, आणि तो हात तुमचा स्वतःचा असू द्या.