बरगडीच्या खाली

डॉक्टर डिमेलोंनी प्रांजलच्या पोटावर उजवीकडे, बरगडीच्या जरा खाली बोटं दाबली आणि झटकन उचलली. प्रांजल कळवळली. तिला सहावा महिना होता.

"अपेंडिक्सच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आजच काढायला हवं."

"पण ते खाली असतं ना?" प्रांजलच्या सासूने, सुगंधाबाईंनी विचारलं.

"असतं. पण बाळ वाढतं तशी गर्भाची पिशवी अपेंडिक्सला वर ढकलते. मग दुखणं भलतीकडेच येतं आणि लोक पित्त समजून घरी बसतात."

प्रांजलच्या नवऱ्याने, नितेशने मान खाली घातली. सकाळी नाहूरच्या घरून तो पित्ताची गोळी आणायलाच निघाला होता. आईनेच त्याला थांबवून रिक्षा आणायला लावली होती.

"ऑपरेशनने बाळाला काही होईल?" त्याने विचारलं.

"भूल द्यावी लागेल. कळा सुरू होण्याची भीती असते, नाही म्हणत नाही. आम्ही लक्ष ठेवू. पण थांबलो आणि ते फुटलं, तर हिच्या जिवाला धोका आहे आणि बाळाला त्याहून जास्त."

"मग थांबायचं कशाला?" प्रांजल दात आवळून म्हणाली. "काढा ना."

"फुटलं की काय होतं?" सुगंधाबाईंनी विचारलं. "ताप चढतो? हुडहुडी भरते?"

"आई, बस ना आता! हिच्यासमोर कशाला?"

सुगंधाबाईंची नजर डॉक्टरांवरच होती. डॉक्टरांनी हळूच मान हलवून हो म्हटलं.

दुपारी ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा नितेश ताडकन उठला. बाळाचे ठोके चांगले होते, कळा नव्हत्या. दोन दिवस मात्र जपायला हवं होतं. नर्सने नातेवाइकांना दाखवायला ट्रे पुढे केला, तसं नितेशने तोंड फिरवलं आणि तो प्रांजलकडे धावला. सुगंधाबाईंनी चष्मा लावला आणि त्या ट्रेवर वाकल्या. करंगळीएवढं, सुजून लाल झालेलं, टोकाला काळपट.

"एवढंसंच?"

"एवढंसंच," डॉक्टर म्हणाल्या.

"माझ्या थोरल्या बहिणीला सातवा होता," सुगंधाबाई ट्रेवरची नजर न काढता म्हणाल्या. "बाळंतपणाला माहेरी आली होती, कोकणात. अश्शीच बरगडीखाली धरून बसायची. मग ताप चढला. तिसऱ्या दिवशी गेली. भर दुपारी पऱ्ह्यावर, ओढ्यावर जाऊन आल्यावर दुखणं सुरू झालं म्हणून बाहेरचं लागलं, असं सगळं गाव म्हणालं."

डॉक्टरांनी डोक्यावरची टोपी काढली. "इतक्या वर्षांनी नक्की नाही सांगता येणार, मावशी." मग म्हणाल्या, "पण असू शकतं."

सुगंधाबाई जिन्यापाशी आल्या आणि त्यांनी गावी भावाला, दत्तारामला फोन लावला. आक्का त्या दिवशी पऱ्ह्यावर गेली होती ती दत्तारामला आणायला. सात वर्षांचा दत्ताराम हाका मारूनही पाण्यातून बाहेर येत नव्हता. त्यानंतर घरात कुणी त्याला बोल लावला नाही. कुणी तो विषयच काढला नाही. आणि आक्काचं नाव दत्तारामच्या तोंडून पुन्हा कधी आलं नाही.

"दत्ता, प्रांजल बरी आसा. पोटातला पण बरा आसा."

"बरा झाला बाय."

"आयक. आक्काक पण ह्याच झाला आसतला. बाहेरचा काय नव्हता."

त्याने विचारलं, "कोण सांगता?"

"डाक्टरीण. नक्की नाय म्हणता. पण आसू शकता, म्हणाली."

मागून त्याची बायको जेवायला हाक मारत होती. त्याने ओ दिली नाही.

"त्या दिवशी सकाळी तिना पेज खाल्ली नाय," दत्ताराम म्हणाला. "पोटात कसातरीच होता म्हणाली. आपली पेज माका वाढल्यान. पऱ्ह्यावर जाच्या आधी. मी कोणाक सांगलंय नाय."

सुगंधाबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. खालून वर येणाऱ्या माणसांना वाट द्यायला त्यांनी साडी आवरून घेतली.

"बोल," त्या म्हणाल्या. "मी आयकतंय."