काश्काच्या खुंट्यापाशी

“सुरात आहे ही. जाऊ द्या.”

माझ्या इंजिनाला कान लावून एक बाई असं म्हणाली होती. तिचा चेहरा मी पाहिला नाही, कारण माझा दिवा तेव्हा अजून बसवायचा होता. पण तो आवाज मला आठवतो. समुद्राकाठच्या त्या जपानी कारखान्यात ती दिवसभर आमची छाती ऐकायची, आणि ती हो म्हणाली की मगच आम्हांला दाराबाहेरचं ऊन दिसायचं.

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. डांबरी रस्त्यावर धावते, आणि डांबर संपलं की दगडगोट्यांतून, चिखलातून, ओढ्यातूनही पुढे जाते, अशा जातीची. अंगानं हडकुळी, टाचा उंच. मला पाहून कुणी हरखून जात नाही; पण वाट बिकट झाली की माझी आठवण होते.

माझी पहिली वर्षं एका वनरक्षकाकडे गेली. तो अबोल होता, पण रोज संध्याकाळी माझ्या चाकांतला चिखल काडीनं काढायचा. तो म्हातारा झाला, त्यानं मला विकलं आणि मी जहाजातून, मग आगगाडीतून बिश्केक या डोंगरापायथ्याच्या शहरात आले. तिथं मला भाड्यानं देत. दर आठवड्याला नवा स्वार, नवं हेल्मेट, डोंगरापुढे उभं करून माझे फोटो. इतकं कौतुक मी पुन्हा कधी अनुभवलं नाही, आणि इतकी हयगयही. कुणी तेल पाहिलं नाही, कुणी चेन पाहिली नाही. शेवटी एका हौशी स्वारानं मला दुपारी बर्फ वितळून फुगलेल्या नदीत घातलं. पाणी माझ्या छातीत शिरलं आणि मी गप्प झाले.

गप्प झालेल्या मोटारसायकलीला कोण ठेवतं? नारीनकडच्या डोंगरगावातल्या तुरात नावाच्या तरुणानं एक मेंढा देऊन मला घेतलं. ट्रकमधून मला अंगणात उतरवलं, तेव्हा त्याची आई बराच वेळ माझ्याभोवती फिरली.

“मेंढा चालत तरी होता,” ती म्हणाली.

तिला घरात सगळे एने म्हणत. एने म्हणजे आई. मीही तिला एनेच म्हणते.

मला दुरुस्त करायचं तुरातच्या मनात फार होतं. पण त्याला रशियात इमारतींच्या कामावर जावं लागलं आणि मी कोठारात राहिले. कोंबड्या माझ्या सीटवर बसू लागल्या. मी ज्या डब्यातून श्वास घेते त्यात एका उंदरिणीनं बाळंतपण केलं. मी म्हटलं, असू दे, कुणाच्या तरी उपयोगी पडले.

आता असिलकानबद्दल सांगते. असिलकान तुरातची बायको, गावच्या दवाखान्यातली नर्स. डॉक्टर लांबच्या शहरात, म्हणून ताप, जखमा, बाळंतपणं सगळं तीच पाहायची. वरच्या वस्त्यांवर जायला तिच्याकडे काश्का होता, कपाळावर पांढरा पट्टा असलेला घोडा. तो तिला सासऱ्यांनी दिला होता. ओस्मोनाली त्यांचं नाव. काश्काला त्यांनी शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं, आणि अंगणात त्याच्यासाठी स्वतःच्या हातानं एक खुंटा रोवला होता.

त्या हिवाळ्यात असिलकान खिंडीपलीकडच्या तेरेक-सू वस्तीवर गेली. तिथं मीरगुल नावाची पोरगी पहिल्यांदा गरोदर होती आणि भेदरून गेली होती. “बर्फ उतरताना तुझे दिवस भरतील. मी येईन,” असा शब्द देऊन असिलकान परत निघाली, आणि उतारावरच्या निसरड्या बर्फावर काश्का घसरला. तिचा डावा पाय त्याच्याखाली सापडून मोडला. काश्काचा पुढचा पाय मोडला, आणि मोडक्या पायाचा घोडा उभा राहत नाही.

असिलकानला घसरगाडीवरून घरी आणलं. काश्का आला नाही. त्याला ओस्मोनालींनी तिथंच यातनांतून कायमचं सोडवलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तो परत येणार नाही हे मला कसं कळलं? ते संध्याकाळी कोठारात आले आणि त्यांनी काश्काचं खोगीर माझ्या हँडलवर अडकवलं. बराच वेळ हात त्यावर ठेवून उभे राहिले. मला वाटलं काही बोलतील, पण ते दार लोटून निघून गेले.

मांडीपर्यंत प्लास्टर, खिडकीपर्यंत बर्फ. असिलकान घरात अडकली. गावकरी खिडकीशी येऊन आ करत, ती आतूनच घसा बघून औषध सांगे. पण तेवढ्यानं दिवस सरत नव्हता. एके सकाळी ती सासूला म्हणाली, “एने, कोठारातली मोटारसायकल आत आणता येईल?”

“आत म्हणजे घरात?”

“सगळी नको. तुकड्यातुकड्यांनी.”

“मेंढा सोलतात तशी?”

“अगदी तशी.”

“मग सांग कुठून कापू ते.”

असिलकानचे वडील ट्रक चालवायचे आणि ती त्या ट्रकखाली खेळत मोठी झाली होती. कोणता भाग कशासाठी हे तिला ठाऊक होतं, आणि एनेच्या हातांत जोर होता. एने कोठारातून माझा एकेक अवयव ताटात घालून आणायची. पाय लांब करून नमद्यावर, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडावर, बसलेली असिलकान तो मांडीवर घ्यायची.

माझ्या कार्बुरेटरमध्ये जुनं पेट्रोल डिंकासारखं चिकटलं होतं. त्याची बारीक भोकं तिनं इंजेक्शनच्या सुईनं एकेक करून मोकळी केली. टाकी आतून गंजली होती. एनेनं तीत ओढ्यातले खडे आणि पाणी भरलं आणि टाकी मांडीवर घेऊन दूध घुसळावं तशी हलवत बसली. हलवताना गाणंही म्हणत होती. श्वासाच्या डब्यातलं उंदराचं घरटं निघालं, त्याबरोबर माझी गाळणीही भुगा होऊन पडली. एनेनं तिथं बसेल असा पातळ नमदा कापला, तेलात बुडवला, पिळला. फाटक्या सीटवर तिनं मेंढ्याच्या शिंगांची लाल वेलबुट्टी टाचून दिली. तशी सीट जपानात कुणाची असेल असं मला वाटत नाही.

चुकाही झाल्या. असिलकान म्हणाली, चेनला चरबी लावा. तिच्या मनात डब्यातलं ग्रीस होतं. एनेनं कढवलेली मेंढ्याच्या शेपटीची चरबी लावली, चांगली हात न आखडता. मग काय, गल्लीतली सगळी कुत्री माझ्याभोवती जमली. एक लंगडा कुत्रा तर चेन चाटता चाटता तिथंच डोळे मिटून बसला.

“एने, कुठली चरबी लावलीत?”

“घरातली सगळ्यात चांगली.”

“तरीच. आता रॉकेलनं पुसा, नाहीतर गाडीऐवजी कुत्रीच पळतील.”

दुसऱ्यांदा तर माझ्या जिवावरच बेतलं. घरात नवी वस्तू आली की एने आर्चाच्या, म्हणजे डोंगरी सुरूच्या, धुरानं तिची दृष्ट काढायची. मी आता नव्यासारखी झाले म्हणून ती धुमसती फांदी घेऊन माझ्याकडे निघाली, आणि माझी पेट्रोलची नळी उघडी होती. असिलकाननं खिडकीची काच इतक्या जोरात वाजवली की फांदी एनेच्या हातून बर्फात पडली.

“दृष्ट लांबून काढा, एने. अंगणाच्या पार त्या टोकाहून.”

“एवढ्या लांबून उतरते का?”

“हिची उतरते.”

ओस्मोनाली या कशातच नव्हते. बायका बोलू लागल्या की ते टोपी घालून बाहेर जात. एकदा एनेनं मला उन्हात काढलं आणि सहज काश्काच्या खुंट्याला टेकवलं. ते फाटकातून आले, थांबले.

“म्हातारे, तिथून काढ ती.”

“का? खुंटा रिकामाच आहे ना.”

“म्हणूनच.”

एनेनं मला मुकाट्यानं भिंतीशी नेलं. मला त्यांचा राग आला नाही. मीही कोणाच्या तरी जागी उभी राहिले आहे हे मला कळत होतं.

चालू करायचा दिवस आला. असिलकानचा पाय अजून प्लास्टरात, म्हणून किक एनेनं मारायची ठरली. तिनं घागरा खोचला, नमद्याचे बूट घट्ट केले आणि लाथ मारली. मी खोकलेसुद्धा नाही. पुन्हा मारली. पुन्हा.

“हिला मेंढ्याची किंमत फेडायची नाही असं दिसतंय,” एने धापा टाकत म्हणाली. “हिला काही म्हणायचं असतं का? घोड्याला म्हणतो तसं?”

“म्हणून बघा.”

एने माझ्या टाकीवर वाकली आणि हळूच म्हणाली, “चल गं बाई. हिवाळा सरत आला.” मग जी लाथ बसली, मित्रांनो, तिनं माझ्या पोटातली सगळी थंडी बाहेर पडली. मी धडधडले. कोंबड्या छपरावर उडाल्या. असिलकाननं खुर्चीतून वाकून छाती तपासायची नळी कानांना लावली, तिचं दुसरं टोक माझ्या इंजिनावर ठेवलं, आणि डोळे मिटून ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी साठवून ठेवलं आहे.

म्हणून तुम्हांला सांगते, तुमच्या घराच्या कोपऱ्यात एखादी सायकल, एखादं शिलाई मशीन गप्प पडलं असेल, तर एकदा त्याच्याजवळ बसा. लगेच चालू झालं नाही तरी चालेल. आधी धूळ पुसा. काय दुखतंय ते विचारा. आम्हांला फार काही लागत नाही. कुणीतरी शेजारी बसलेलं लागतं.

प्लास्टर निघालं. असिलकान थोडी लंगडत चालू लागली, मला घेऊन गल्लीत फेऱ्या मारू लागली. संध्याकाळी जेवण आटोपलं की त्या घरात सगळे हात पसरून बसत आणि ओस्मोनाली बाता देत. बाता म्हणजे वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद. तो घेतल्याशिवाय त्या घरातून कुणी लांबच्या वाटेला लागलेलं नव्हतं. तुरात रशियाला गेला तोही बाता घेऊनच. असिलकान त्यांना अता म्हणायची, म्हणजे बाबा. एका संध्याकाळी उघड्या दारातून मला ऐकू आलं.

“अता,” असिलकान सासऱ्यांना म्हणाली, “बर्फ उतरलं की मला तेरेक-सूला जायचंय. बाता द्या.”

तिचे हात पसरलेले होते. एनेचेही.

“चहा गार होतोय,” ओस्मोनाली म्हणाले.

“चहाचं काय, तो उद्याही गार होईल,” एने म्हणाली.

ते उठून गेले. पसरलेले हात तसेच खाली आले. नंतर तिनं आणखी एकदा विचारलं. तेव्हाही ते खिडकीबाहेर बघत राहिले.

आता मीरगुलचं काय झालं ते मी आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. असिलकान वेळेत पोहोचली, मुलगी झाली, मायलेकी सुखरूप. ती मुलगी आता माझ्या टाकीवर बसून खोटीखोटी गाडी चालवते. पण मला सांगायचं आहे ते त्या सकाळचं, निघण्याआधीचं.

मीरगुलच्या नवऱ्याचा फोन आला. दिवस भरायला आठवडा होता, पण कळा सुरू झाल्या होत्या. वाटेत अर्धं बर्फ, अर्धा चिखल. चारचाकी चढणार नाही, आणि कुणाचा घोडा मागून आणला तरी पोहोचायला संध्याकाळ होणार. मी दुपारच्या आत पोहोचवू शकत होते. असिलकाननं पिशवी माझ्यामागे बांधली, जाड कोट घातला आणि माझ्यावर बसली. पण किक मारली नाही. ओस्मोनाली दारात उभे होते. तिनं त्यांच्याकडे तोंड करून दोन्ही हात पसरले.

“अता, बाताशिवाय मी या घरातून जाणार नाही. आणि मीरगुलला एकटं सोडणारही नाही. आता मी काय करायचं ते तुम्हीच सांगा.”

 छपरावरून बर्फाचं पाणी टपटपत होतं.

“म्हातारबा,” एने हळू आवाजात म्हणाली, “बाळ काही तुमच्यासाठी थांबणार नाही.”

ओस्मोनाली पायरी उतरले. माझ्याजवळ आले. पिशवीच्या पट्ट्याखाली अंगठा घालून त्यांनी तो ओढून पाहिला, खोगिराचा तंग पाहतात तसा; सैल होता, एक भोक पुढे घट्ट केला. वाकून माझ्या पुढच्या चाकावर हाताचा तळवा दाबला. इतक्या दिवसांत त्यांनी मला पहिल्यांदाच हात लावला होता. 

“लोकांना वाटतं मी काश्कासाठी रुसलोय,” ते चाकाकडे बघत म्हणाले. “त्या दिवशी उतारावर पोहोचलो तेव्हा आधी मी घोड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तू डोळे मिटून पडली होतीस. तुला हाका मारल्या, तू ओ दिली नाहीस. पुन्हा तसं बघायची माझ्यात ताकद नाही. म्हणून तोंडून शब्द निघत नव्हता.”

असिलकानचे हात पसरलेलेच होते. ओस्मोनाली सरळ उभे राहिले. त्यांनी टोपी नीट केली, आपले दोन्ही तळवे उघडले, आणि बोलू लागले. आवाज आधी घोगरा होता, मग मोकळा झाला.

“वाट तुला मऊ होवो, वारा पाठीशी राहो.
पाणी चाकाखाली राहो, बर्फ सावलीत राहो.
ज्या दारी तू उतरशील, त्या दारी पाळणा हलो.
तुझ्या हाताला यश येवो, तुझ्या पायाला बळ येवो.
आणि दिवेलागणीला तुझा आवाज या अंगणात येवो.
जा, माझ्या लेकी. मी फाटक लावणार नाही.”