मातीच्या बैलांशेजारी एक गाढव

मित्रांनो, मी एक म्हातारं गाढव आहे. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मी थांबतो. तुमच्या शाळेत ज्याला गणित येत नाही त्याला माझ्या नावाने हाक मारतात, हे मला ठाऊक आहे. माझं स्वतःचं नाव भुऱ्या. दोंडाईच्याच्या कडेला हिलाल कुंभाराच्या अंगणात मी जन्मलो आणि अजून त्याच अंगणात उभा आहे. मधे एकदा मला या घरातून कायमचं बाहेर काढायचं ठरलं होतं. मी इथे कसा राहिलो, ते तुम्हाला सांगायचं आहे.

माझी आई याच घरी माती वाहायची. ती गेल्यावर तिची गोणपाटाची गादी माझ्या पाठीवर आली. ही गादी म्हणजे गोणपाटात जुन्या चिंध्या भरून शिवलेलं जाड आसन. त्यावर दोन्ही बाजूंना मातीची पोती लोंबकळायची. सकाळी तळ्यावर जायचं, पोती भरून यायचं, पुन्हा जायचं. रेल्वे फाटक ओलांडलं की रस्ता फुटतो. उजवीकडे माळ आणि डावीकडे तळं. मी डावीकडे इतक्या वेळा वळलो की पुढे पुढे हिलालला मला हाकावंही लागत नसे. तो मागून विडी ओढत यायचा.

त्या मातीचं काय काय व्हायचं म्हणता? माठ, पणत्या, चुली, आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, घागर. आणि श्रावणात पोळ्याचे बैल. हिलालची बायको भागाबाई मातीचे बैल करायची. तिच्याकडे बघत राहावं असं काम होतं ते. बोटांनी चार पाय ओढायचे, मान काढायची, शिंगं वळायची आणि शेवटी अंगठा व दोन बोटांत चिमटून वशिंड उभं करायचं. गप्पा मारता मारता ती शंभर बैल उठवायची. ज्यांच्याकडे बैल नाहीत त्यांच्या घरी त्या बैलांची पूजा व्हायची, त्यांच्यापुढे पुरणपोळी ठेवली जायची. गावातल्या खऱ्या बैलांचा थाट तर विचारूच नका. शिंगांना रंग, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग. मी कुडामागून बघायचो. खोटं कशाला बोलू, वाईट वाटायचं. पूजेचे बैल ज्या मातीचे, ती माती माझ्या पाठीवरून आलेली, आणि पोळीचा तुकडा मात्र मला कधी कोणी दिला नाही.

सत्त्याऐंशी सालचा श्रावण. पोळा आठ दिवसांवर आला होता आणि भागाबाईकडे बैलांची मागणी खूप होती. हिलालची घाई चाललेली. पावसाने भिजलेली गादी तो तशीच ओली माझ्यावर टाकायचा. तिच्यात कुठून तरी बाभळीचा काटा शिरला होता. पहिल्या दिवशी टोचला, दुसऱ्या दिवशी रुतला, चौथ्या दिवशी पाठीत आग उठली. मी फाटकाजवळ थांबलो. हिलालने काठी मारली. मी चार पावलं चाललो आणि पुन्हा थांबलो. पुन्हा काठी. तिसऱ्यांदा मी पोत्यांसकट खालीच बसलो, आणि मग मात्र हिलालचा तोल सुटला.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स कुंदाबाई खेड्यावर पोरांना लस टोचायला निघाल्या होत्या. त्या उतरल्या, सायकल फाटकाला टेकवली आणि म्हणाल्या, "हिलालभाऊ, कितवी काठी ही?"

"हाई हटेल शे, बाई. मार खाधाशिवाय हालत नही."

"मोजल्या नाहीत ना? एक गोष्ट सांगते. आमच्या पवित्र शास्त्रात आहे. तोवर काठी खाली ठेवा."

मित्रांनो, देवाने मला एवढे मोठे कान दिले आहेत. मी ती गोष्ट शब्दन्‌शब्द ऐकली. बलाम नावाचा एक मोठा माणूस गाढवीवर बसून निघाला होता. वाटेत देवदूत तलवार उपसून उभा होता, पण तो गाढवीला दिसला, बलामला दिसला नाही. गाढवी शेतात शिरली, तिने मार खाल्ला. भिंतीला घासली, मार खाल्ला. शेवटी खालीच बसली, पुन्हा मार. तेव्हा देवाने तिला वाचा दिली आणि तिने धन्याला विचारलं, मी आजवर कधी अशी वागले होते का? बलामला नाही म्हणावं लागलं. मग त्याचे डोळे उघडले आणि पुढे काय उभं आहे ते त्याला दिसलं.

हिलालने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पन आमना भुऱ्या काय बोलत नही, बाई."

"बोलता येत नाही म्हणूनच तर खाली बसलाय. त्याला काय दिसतंय ते तुम्हीच बघा."

हिलालने पोती उतरवली. आजूबाजूला पाहिलं, देवदूत कुठे नव्हता. मग त्याने गादी उचलली. गादीबरोबर कातडीही थोडी उचलली गेली. तळहाताएवढी जखम होती आणि तिच्यात काटा. हिलाल मटकन माझ्याशेजारी बसला. "इतला दिन माले दिसनं नही," एवढंच म्हणाला, आणि त्याने माझ्या मानेवर हात ठेवला. तोपर्यंत त्या हाताची मला फक्त काठीच माहीत होती.

कुंदाबाईंनी तिथेच काटा काढला आणि जांभळं औषध लावलं. मग पंधरा दिवस त्या रोज संध्याकाळी आमच्या अंगणात यायच्या. पट्टी बदलून होईपर्यंत भागाबाई त्यांना चहा द्यायची, आणि चहा संपेपर्यंत त्या गोष्ट सांगायच्या. सगळ्या जनावरांच्याच गोष्टी. जलप्रलय ओसरला की नाही हे बघायला पाठवलेलं आणि चोचीत हिरवं पान घेऊन परतलेलं कबूतर. नव्याण्णव मेंढ्या रानात ठेवून हरवलेल्या एकीला शोधत फिरणारा मेंढपाळ. दुष्काळात एलिया नावाच्या देवाच्या माणसाला भाकरी आणून देणारे कावळे. ती कावळ्यांची गोष्ट भागाबाईला फार आवडली. पितरांच्या पंधरवड्यात तीही पान मांडून कावळ्यांची वाट बघायची.

"आम्ही कावळाले खाऊ घालतस," ती म्हणाली, "आनि तुमना तठे कावळाच मानूसले खाऊ घालस. बरं शे. फेड व्हई गई."

एकदा कुंदाबाईंनी सांगितलं की त्यांचे प्रभू येशू यरुशलेम शहरात शिरले ते गाढवावर बसून. हिलाल चाकावरून मान वर करून बघू लागला.

"घोडा भेटना नही का त्यासले?"

"गाढवच मागून घेतलं होतं, हिलालभाऊ."

"आमनाकडे ज्यानी फजिती करनी ऱ्हास त्याले गधडावर बसाडतस," हिलाल म्हणाला, आणि बराच वेळ चाक न फिरवता माझ्याकडे बघत राहिला. मी कान ताठ करून घेतले. असा मान कुठे रोज मिळतो?

त्याच वर्षी नाताळच्या आधी कुंदाबाईंनी भागाबाईला एक काम सांगितलं. येशूचा जन्म गोठ्यात झाला, गव्हाणीत त्यांना निजवलं होतं. तो देखावा दवाखान्याच्या आवारात मांडायचा होता आणि त्यासाठी मातीची जनावरं हवी होती. बैल, मेंढ्या, बाळाला बघायला पूर्वेकडून आलेल्या पाहुण्यांचे उंट आणि एक गाढव. बैलांची चिंता नव्हती. मेंढ्या आणि उंट दर हिवाळ्यात काठेवाडी मेंढपाळांबरोबर आमच्याच रस्त्याने जायचे, तेही भागाबाईने डोळ्यांसमोर आणून केले. गाढवाच्या वेळी ती माझ्यासमोर येऊन बसली आणि माझ्याकडे बघत बघत माती ओढू लागली.

कान चांगले झाले, तोंडही जमलं. पण बोलता बोलता तिचा अंगठा सवयीने पाठीवर गेला, दोन बोटं मिळाली आणि चिमटा बसला. गाढवाला वशिंड फुटलं. मित्रांनो, मी जन्मात पहिल्यांदा माझी मूर्ती बघत होतो आणि तिला बैलाचं वशिंड होतं. कुंदाबाईंना हसू आवरेना. भागाबाईने ते मोडून दुसरं केलं, त्यालाही वशिंड. तिसऱ्यालाही.

"मना हातले बैलच येस," ती वैतागून म्हणाली. "इतला वरीस बैलच करेल शेत."

मग तिने उठून माझ्या पाठीवरून हात फिरवला. जखम बुजली होती, पण तिथे केस आले नव्हते, थोडा खोलगट वण राहिला होता. तिचं बोट त्या वणावर थांबलं. परत येऊन तिने मातीच्या गाढवाचं वशिंड अंगठ्याने दाबलं. पाठीवर अंगठ्याएवढा खळगा पडला आणि ते गाढव अगदी माझ्यासारखं दिसायला लागलं. कुंदाबाई म्हणाल्या, आता हात लावू नका. नाताळात ते गाढव बाळाच्या सगळ्यात जवळ मांडलं होतं, असं भागाबाईने परत आल्यावर मला कानात सांगितलं. देवाच्या घरी मला अशी जागा मिळेल असं कधी वाटलं नव्हतं.

दिवस गेले. कुंदाबाईंची बदली दुसऱ्या दवाखान्यात झाली. जाताना मला गुळाचा खडा देऊन गेल्या. हिलालचा मुलगा कौतिक मोठा झाला, त्याचं लग्न झालं आणि पंच्याण्णव साली त्याने मातीसाठी टेम्पो आणला. माझी आठवड्याची माती टेम्पो दोन फेऱ्यांत आणायचा. माझा एक डोळा अधू झाला होता, गुडघे धरत होते. गादी खुंटीवर लटकली ती लटकलीच. सहा महिने मी नुसता उभा होतो आणि खात होतो.

एका सकाळी कौतिक म्हणाला, "बाबा, आते टेम्पो शे. याले कसाले पोसतस? माळवर सोडी या."

माळावर सोडलेल्या म्हाताऱ्या गाढवांचं काय होतं ते मी बघितलं होतं. कौतिकचा मला राग नाही. कडबा त्याला आणावा लागायचा. भागाबाई पदर तोंडाला लावून आत गेली. हिलाल उठला. त्याने माझं दावं सोडलं, काठी घेतली आणि आम्ही निघालो.

पाठ मोकळी होती. इतकी हलकी पाठ घेऊन त्या रस्त्याने मी कधी गेलो नव्हतो. फाटक ओलांडलं आणि हिलाल उजवीकडे वळला. मी थांबलो. मला पुढचं सगळं कळलं होतं असं म्हणणार नाही, तेवढा हुशार मी नाही. माझ्या पायांना डावी वाट माहीत होती, एवढंच. हिलालने दावं ओढलं. दोन पावलं गेलो, पुन्हा थांबलो. त्याने पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा माझे गुडघेच दुमडले आणि मी रस्त्यात बसलो. हिलालने काठी उचलली.

ती खाली आली नाही. मागून मालगाडी गेली, शेवटचा डबा गेला तरी तो तसाच उभा होता. मग त्याने काठी बगलेत धरली आणि त्या श्रावणापासून लागलेल्या सवयीने गादी उचलून बघायला हात पुढे केला. गादी नव्हतीच. त्याचा तळहात सरळ त्या वणावर पडला.

"काय सांगस रे भुऱ्या?" त्याने विचारलं.

मला वाचा फुटली नाही. फुटली असती तरी मी काय बोललो असतो? त्या गाढवीने विचारलं तेच विचारलं असतं. पण हिलालने ते मी न बोलताच ऐकलं. तो रस्त्यात माझ्याजवळ बसला आणि रडला. पागोट्याच्या सोग्याने तोंड पुसून म्हणाला, "चाल. तुले माहीत शे ती वाटवर चाल."

आम्ही डावीकडे वळलो. तळ्यावर त्याने पागोटं सोडलं, त्यात ओली माती बांधली आणि ते गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. घरी येताना मी मोकळ्या पाठीने पुढे होतो आणि हिलाल माती घेऊन मागे. फाटकावरचा माणूस आमच्याकडे बघून हसला. हिलालने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

दारात कौतिक उभा होता. हिलाल त्याला म्हणाला, "हाऊ आठेच ऱ्हाई. कडबा मी आनसू." संध्याकाळी कडबा मात्र कौतिकनेच आणून टाकला.

मित्रांनो, तुमच्याकडेही बैल असतील, कुत्रं असेल, एखादी शेळी असेल. चालतं जनावर थांबलं तर काठी उचलण्याआधी एकदा त्याची गादी उचलून बघा. तलवार घेतलेला देवदूत दिसेल की बाभळीचा काटा, ते सांगता येत नाही, पण काहीतरी नक्की दिसेल. ज्या बाईंनी एका कुंभाराला हे शिकवलं आणि ज्या कुंभाराने ते आठ वर्षं लक्षात ठेवलं, त्या दोघांचे उपकार माझ्यावर आहेत.

हिलालने डोक्यावरून आणलेल्या मातीचे भागाबाईने त्या पोळ्याला घरच्या पूजेचे बैल केले. पाच बैल झाले आणि मूठभर माती उरली. तिचं तिने एक गाढव केलं. या वेळी वशिंड चुकून आलं नाही. अंगठा मात्र तिने पाठीवर मुद्दाम दाबला, आणि ते गाढव बैलांच्या रांगेत पाटावर ठेवलं. पूजा झाल्यावर ती पोळीचा तुकडा घेऊन अंगणात आली. आधी तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

पोळी गोड होती.