जेटमधला आईचा रकाना

दीपमालाचं पोस्टर प्रदर्शनात सगळ्यांत उंच होतं, आणि तिचा आवाज त्याहूनही उंच! गेल्या वर्षी स्टेजवर चढताच जिची जीभ टाळूला चिकटली होती, तीच ही पोट्टी. आज सकाळपासून येईल त्याला धरून सांगत होती.

"प्रोटॉनवर प्रोटॉन आपटला का कणांची पिचकारी उडते, तिले जेट म्हणतात. मी एकेका जेटच्या फांद्या, म्हंजे कणातून कण फुटत गेले त्या, उलट्या सोडवत गेली. बारीक काड्या फेकल्या, आणि शेवटी दोन जाड फांद्या उरल्या, त्यांच्यातला कोन मोजला. दहा हजार जेट!"

आलेखावरचे निळे ठिपके म्हणजे खरी टक्कर, तांबडी रेघ म्हणजे कॉम्प्युटरवर रचलेली खोटी टक्कर. ठिपके रेघेवर असे बसले होते की बघणाऱ्यानं वा म्हणावं. चार महिने ती बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या घरी लॅपटॉपला चिकटून बसली होती. पहिला नंबर आला तर हेच पोस्टर छत्तीसगडच्या नावानं दिल्लीला जाणार होतं.

परीक्षक दोन स्टॉल दूर असताना तिच्या शाळेच्या विनोदिनी मॅडम म्हणाल्या, "आकड्यांचा तक्ता उघडून ठेव वं, विचारतीन."

दीपमालानं निळ्या ठिपक्यांचा तक्ता उघडला, उजवीकडे सरकवला. अगदी टोकाला एक रकाना होता. तिनं तो कधी वापरलाच नव्हता.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"हा? आईचा रकाना, मॅडम! कोणता कण कोणाच्या पोटातून निघाला त्याचा नंबर..."

आणि तिचं बोलणं तिथंच थांबलं.

खऱ्या टकरीत यंत्रापर्यंत पोचतात ते फक्त कण. आपली आई कोण, हे कोणताही कण सांगत नाही. सांगितलं असतं तर फांद्या सोडवत बसायची गरजच काय होती? आई माहीत असते ती फक्त रचणाऱ्या कॉम्प्युटरला. म्हणजे निळे ठिपकेही खोटेच! खोट्याशी खोटं ताडून ती चार महिने नाचत होती.

तिनं नागपूरला दादाला फोन लावला. प्रशिक तिथं एमएस्सी करत होता, फायली त्यानंच पाठवल्या होत्या.

"दादा, ते असली आकडे नोहेत! त्यात आईचा रकाना आहे!"

पलीकडे प्रशिक फायली चाळायला लागला.

"असली फाइल लय मोठी होती वं. होस्टेलचं वायफाय सारखं तुटून राहिलं होतं. बाजूले छोटी दिसली, मले वाटलं तिचाच तुकडा आहे."

"आता उतरवून पाठवतं काय?"

"आज तर नाही होत, दीपमाले. आज तर नाहीच होत."

तिनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमना भौतिकशास्त्र दहावीपर्यंतचं येत होतं, पण पोरीचा चेहरा वाचता येत होता. "परीक्षकांना खरं सांगून टाक," त्या म्हणाल्या. "दुसरं काय करतं?"

परीक्षक आले. तिघं होते, तिघांच्याही हातात चहाचे कप.

"सर, एक ग़लती है। ये नीले वाले असली नहीं हैं। दोनों तरफ़ सिमुलेशन ही है।"

"अच्छा, सिमुलेशन भी ख़ुद किया!" पहिले परीक्षक दुसऱ्यांना म्हणाले. "ग्यारहवीं की बच्ची है, देखिए।"

"नहीं सर, मतलब मैंने कुछ नापा ही नहीं।"

"घबराओ मत बेटा। इतना सुंदर मैच हमने तो नहीं देखा।"

"इसीलिए तो सर! इतना सुंदर होना ही नहीं चाहिए था!"

ते हसले. त्यांना तिचा आत्मविश्वास फार आवडला. तिसऱ्यांनी कागदावर काहीतरी मोठं लिहिलं आणि तिघं पुढच्या स्टॉलवर, विजेच्या सायकलीकडे वळले. दीपमाला त्यांच्यामागे चार पावलं गेली, "सर, सर" करत. एका स्वयंसेविकेनं तिला हात धरून परत आणलं. "अपने स्टॉल पे रहो ना, दीदी."

अर्ध्या तासानं माइकवर नाव पुकारलं. पहिला नंबर, दीपमाला. टाळ्या वाजल्या, बाबा ड्यूटी सोडून रेल्वेच्या गणवेशातच धावत आले, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते सगळ्यांना आनंदाचं वाटलं.

"बाबा, ते चूक आहे," ती त्यांच्या कानात म्हणाली.

"हव, हव," बाबा मान डोलावत म्हणाले, आणि त्यांनी तिला आणखी जवळ घेतलं.

पेपरवाला कॅमेरा घेऊन आला. दीपमाला पोस्टरला टेकून उभी राहिली आणि तळहात पसरून तिनं निळे ठिपके झाकले.

"बेटा, हाथ हटाओ," तो म्हणाला. "ग्राफ दिखना चाहिए."

सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं हात काढला.